बाग, तलाव, टेकडी आणि ट्रेक : जोखमीबद्दल कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळी, मुकादम, जीवरक्षक, ट्रेक लीडर, पवनेकाठी कॅम्प चालवणारे, सोसायटीचे मॅनेजर. लोक जिथे मोकळं व्हायला येतात त्या जागा ही मंडळी सांभाळतात. पुणे आणि आसपासच्या अशा लोकांकडून प्रशिक्षणात, आणि नंतर व्हॉट्सॲपवर, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला पायाभूत प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एकच मुद्दा दोन ठिकाणी लागत असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. धोका तर सगळीकडेच आहे. मग नक्की मोजायचं काय?

तीन गोष्टी. घडण्याची शक्यता किती, घडलं तर नुकसान केवढं, आणि त्या जागी किती माणसं किती वेळ असतात. पावसाळ्यात पर्वतीच्या पायऱ्यांवर पाय घसरणं ही नेहमीची गोष्ट आहे, पण बहुतेक वेळा गुडघा खरचटण्यावर भागतं. मोठी फांदी तुटून पडणं क्वचित घडतं, पण खाली माणूस असेल तर जिवावर बेततं. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. त्याच फांदीखाली पाचोळ्याचा खड्डा असेल तर छाटणीला आठवडा लागला तरी चालेल. तिथे संध्याकाळी सहाला आज्या नातवंडांना घेऊन बसत असतील तर बाक आजच हलवायला हवा.

२. वीस वर्षं हेच काम करतोय. धोका मला नजरेनेच कळतो. वेगळं तपासायची गरज काय?

अनुभवाची नजर खरी असते, तिला कमी लेखायचं नाही. कोणतं झाड कलायला लागलंय, कोणता मुलगा पाण्यात घाबरलाय, हे नवख्या माणसाच्या आधी जुन्या माणसाला कळतं. पण हीच नजर एका बाबतीत हमखास फसते : जे हळूहळू बिघडतं आणि रोज डोळ्यांसमोर असतं, ते तिला दिसत नाही.

झोपाळ्याची कडी घ्या. साखळी वरच्या आडव्या नळीला जिथे अडकते तिथली कडी. दिवसभर मुलं झोके घेतात आणि कडी आतल्या बाजूने झिजते. खाली उभं राहून ही झीज दिसत नाही. आधी करकर आवाज येतो. कोणीतरी तेल सोडतं, आवाज बंद होतो, झीज चालूच राहते. काही महिन्यांनी पुन्हा आवाज येतो तेव्हा उत्तर ठरलेलं असतं, "तो पहिल्यापासून असाच वाजतो." दुसऱ्या बागेतून बदलून आलेला माळी पहिल्याच दिवशी मान वर करून विचारतो, ही कडी कधी बदलली होती? त्याचा अनुभव जास्त आहे असं नाही, त्याच्या कानाला त्या आवाजाची सवय झालेली नाही एवढंच.

१९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सातही अंतराळवीर गेले. उड्डाणाला परवानगी देणारे निर्णय कसे घेतले गेले याचा माग समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी काढला. रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी आधीच्या उड्डाणांतही खराब होत होती, हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं. प्रत्येक वेळी यान सुखरूप परत आलं आणि प्रत्येक वेळी "एवढं चालतं" ची रेघ थोडी पुढे सरकली. ते लोक बेफिकीर नव्हते, तिथले तज्ज्ञ होते. म्हणून हे उदाहरण आपल्या कामाचं आहे.

यावर दोन साधे उपाय आहेत. स्टोअरमध्ये एक कोरी कडी राखून ठेवा आणि तपासताना ती जुनीच्या शेजारी धरा, डोळ्याला ताबडतोब फरक कळतो. आणि तीन महिन्यांतून एकदा मुकादमांनी एकमेकांच्या बागा तपासाव्यात. आपल्या बागेत न दिसणारं दुसऱ्याच्या बागेत चटकन दिसतं.

३. टेकडीवर साप दिसला की धडाधड फोन येतात, पण वाळक्या फांदीखाली लोक निवांत बसतात. असं का?

भीती आकड्यांवर चालत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये मांडलं की ज्या गोष्टीने मनात धडकी भरते आणि जिच्याबद्दल नीट माहिती नसते, ती लोकांना जास्त धोकादायक वाटते. साप दोन्हीत बसतो. फांदी ओळखीची असते, वर सावलीही देते. त्याआधी १९६९ मध्ये अमेरिकी अभियंते चॉन्सी स्टार यांनी अंदाज दिला होता की स्वतःहून पत्करलेला धोका माणूस लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट असला तरी चालवून घेतो. म्हणूनच हौसेने कड्याच्या टोकावर उभा राहणारा माणूस बागेतल्या सैल फरशीवरून तक्रार करतो, आणि दोन्ही वेळा त्याला आपलंच बरोबर वाटतं.

सापाच्या फोनला उत्तर द्यायचंच. बागांत निघणाऱ्यांत धामण, दिवड, तस्कर असे बिनविषारी साप बरेच असतात, पण नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांच्यापैकी नाही हे लांबून ठरवणं आपलं काम नाही. लोकांना लांब ठेवायचं आणि सर्पमित्राला बोलवायचं.

मात्र लोकांना हसण्याआधी स्वतःकडे बघावं. आपली यादीही बातम्यांनुसार बदलते. कुठे झाड पडून कोणी दगावलं की आठवडाभर सगळीकडे फांद्यांची छाटणी होते आणि झोपाळ्याच्या कड्या तशाच राहतात. जे ताजं आठवतं तेच जास्त घडतं असं मन धरून चालतं. म्हणून तपासणीची यादी वर्षाच्या सुरुवातीला ठरवा. बातमी आली की तिच्यात भर घाला, पण तिच्यातलं काही काढू नका.

४. "आजपर्यंत काही झालं नाही" यात चूक काय? खरंच काही झालेलं नाही.

थोडं गणित करू. समजा एखाद्या ठिकाणी गंभीर अपघाताची शक्यता दिवसाला हजारात एक आहे. मग महिनाभर काहीही न घडण्याची शक्यता ९७ टक्के. चार महिन्यांचा हंगाम सुखरूप जाण्याची सुमारे ८९ टक्के. म्हणजे तिथे काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाची आठवण हेच सांगणार की इथे काही होत नाही. पण तीच जागा दहा वर्षं, वर्षभर रोज, तशीच चालवली तर काहीही न घडण्याची शक्यता तीन टक्क्यांच्याही खाली येते.

संख्याशास्त्रातला एक सोपा ठोकताळा ट्रेकवाल्यांनी लक्षात ठेवावा. ३०० ट्रेक बिनअपघाती झाले असतील तर त्यावरून खात्रीने एवढंच म्हणता येतं की अपघाताची शक्यता शंभरात एकपेक्षा बहुधा जास्त नाही. तीनाला ट्रेकच्या संख्येने भागायचं. शंभरात एक हा आकडा कोणत्याही आईबापांना सांगून बघा, ते मुलाला पाठवतील का?

५. मुलांच्या खेळण्यांत रोज काय बघायचं आणि कशात वेळ घालवायचा नाही?

रंग उडालाय का, हे शेवटी बघा. आधी खालची जमीन बघा, कारण खेळण्यांच्या भागात मोठ्या इजा मुख्यतः पडण्याने होतात आणि इजा किती हे पडतो तिथे काय आहे यावर ठरतं. झोपाळ्याखाली पाय घासून वाळू बाजूला जाते आणि नेमकं जिथे मूल पडणार तिथेच कडक माती उघडी पडते. वाळू उन्हाळ्यात दगडासारखी बसते. रोज सकाळी फावड्याने ती सैल करून मधे ओढणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि बागेतल्या कोणत्याही फलकापेक्षा त्याचा उपयोग जास्त. रबर मॅट असेल तर कडा उचलल्यात का आणि खालचं काँक्रीट हाताला लागतंय का, ते बघा.

मग फटी. युरोपच्या खेळण्यांच्या मानकात ८९ ते २३० मिलिमीटरमधली फट धोक्याची मानली जाते : मुलाचं अंग आत जातं आणि डोकं अडकतं. गज वाकला, एक फळी निघाली की अशी फट तयार होते. एवढ्या मापाचे दोन लाकडी ठोकळे सुताराकडून करून घ्या. लहान ठोकळा आत जातो आणि मोठा जात नाही, अशी फट दिसली की खेळणं बंद.

घसरगुंडीवर ओढणी, गळ्यातली दोरी, सायकलचं हेल्मेट यांच्यासह मूल चढू देऊ नका. वरच्या टोकाला दोरी अडकली तर गळफास बसतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याची घसरगुंडी दुपारी हाताने चाचपा. हाताचा मागचा भाग पाच सेकंद टेकवता येत नसेल तर ऊन उतरेपर्यंत दोर लावून ठेवा.

६. मग मूल पडणारच नाही अशी खेळणी का बसवत नाही?

कारण मुलं तिथे थांबत नाहीत. खेळणं मिळमिळीत असलं की ती कुंपणावर, पाण्याच्या टाकीवर, घसरगुंडीच्या छपरावर चढतात. नॉर्वेच्या संशोधक एलन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले : उंची, वेग, धारदार अवजारं, पाणी किंवा आग जवळ असणं, झटापट, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. हे सगळं मुलांना हवंच असतं आणि त्यातूनच ती आपली ताकद अजमावायला शिकतात.

मी इथे स्पष्ट बाजू घेतो. मुलाला दिसणारं आव्हान ठेवा, न दिसणारा सापळा काढा. उंच दोरीची जाळी हे आव्हान आहे, मूल वर बघतं, घाबरतं आणि स्वतः ठरवतं. झिजलेली कडी, डोकं अडकणारी फट, वाळूतली काच हे सापळे आहेत. बागेतली उंच खेळणी काढून सगळीकडे प्लास्टिकची बुटकी खेळणी लावण्याने आठ-दहा वर्षांच्या मुलांना बागेत काही उरत नाही, आणि मग ती कुठे जातात ते प्रश्न १७ मध्ये आहे.

७. झाड धोकादायक आहे हे दिसतंय, पण परवानगी येईपर्यंत आम्ही काय करणार?

१९७५ च्या कायद्याने शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि ते योग्यच आहे. पण बाक हलवायला, पायवाट वळवायला, दोर बांधायला परवानगी लागत नाही. अर्ज पाठवला म्हणजे आपलं काम झालं, असं वाटणं हीच यातली खरी जोखीम. कागद वरिष्ठांकडे गेला की झाडही त्यांच्याकडे गेल्यासारखं वाटतं, पण ते बागेतच उभं असतं.

काय बघायचं : बुंध्याशी जमिनीला पडलेली नवी भेग, एका बाजूची माती उचललेली, बुंध्यावर उगवलेली पंख्यासारखी कडक बुरशी, दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यातली चीर, नुकतंच मुळांशी झालेलं खोदकाम, आणि खोडाला घट्ट भिडलेलं काँक्रीट. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाकडे जास्त लक्ष द्या, त्यांचा विस्तार मोठा असतो. पुण्यात वळवाचा पाऊस वाऱ्यासकट येतो, त्यामुळे ही फेरी एप्रिल संपायच्या आत व्हायला हवी. नुसतं वय झालं म्हणून वडाला धोकादायक ठरवू नका.

८. गडगडाट सुरू झाला की बाग लगेच रिकामी करायची का?

हो. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर ती सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं लोकांना पुन्हा मोकळ्यावर सोडू नका. लोक झाडाखाली धावतात, त्यांना तिथून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत न्यायचं. पोहण्याचा तलाव ताबडतोब रिकामा. गडावर असाल तर माची, बुरूज, ध्वजस्तंभ सोडून खाली उतरा. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप प्रत्येक मुकादमाच्या आणि लीडरच्या फोनमध्ये असावं.

९. तलावावर दोन जीवरक्षक आहेत, दोघेही पट्टीचे पोहणारे. तरी चिंता कशाची?

पोहणं आणि पाहणं ही दोन वेगळी कामं आहेत. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या कामासारखा प्रयोग केला. पहिल्या अर्ध्या तासातच नजर चुकायला लागते असं त्यातून दिसलं. हे मेंदूचं वागणं आहे, शिस्तीने ते बदलत नाही. म्हणून जीवरक्षकाची जागा २० ते ३० मिनिटांनी बदला. एकाने कठड्यावर चालत बघायचं, दुसऱ्याने खुर्चीवरून, मग अदलाबदल.

बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. मान मागे, तोंड पाण्याच्या रेषेवर, हात बाजूला पाणी खाली दाबतायत, पाय मारणं जवळजवळ नाही. असं २० ते ६० सेकंद टिकतं आणि मग माणूस पाण्याखाली जातो. शेजारी चार जण खेळत असतात, त्यांना कळतही नाही. "गडबड झाली तर आवाज येईलच" हा चांगल्या पोहणाऱ्यांचा आवडता गैरसमज आहे.

सगळ्यात नाजूक वेळ बॅच बदलताना येते. शिट्टी होते, सगळे काठावर येतात, शॉवरकडे पळापळ, पुढची बॅच दारात. जीवरक्षक वहीत नोंदी करायला वळतो. त्याच वेळी तळाकडे बघणारं कोणी नसतं. नवी बॅच आत सोडण्याआधी एकाने तलावाच्या चारही बाजूंनी चालत तळ बघायचा आणि मगच दार उघडायचं. पाणी एवढं गढूळ असेल की खोल बाजूचा तळ दिसत नाही, तर त्या दिवशी तलाव बंद. यात सूट नाही.

१०. बोटीत एखादं माणूस जास्त बसवलं तर एवढं काय बिघडतं?

१८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. "एकाच फेरीत सगळे बसू" हा आग्रह नेहमी लोकांकडून येतो आणि नाही म्हणायचं काम नेहमी बोटवाल्याचं असतं. जॅकेटं जेवढी तेवढीच माणसं, एवढा नियम ठेवला की वाद घालायची वेळ येत नाही.

११. ट्रेकला चाळीस जण पैसे भरून आलेत. पाऊस वाढला म्हणून अर्ध्यातून परत कसं फिरायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तरही मोठं.

कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं की तेवढ्याच फायद्यापेक्षा नुकसान माणसाला जास्त बोचतं, आणि नक्की नुकसान टाळण्यासाठी तो मोठा जुगार खेळतो. परत फिरणं हे लीडरला नक्की नुकसान दिसतं : परतावा, नाराजी, खराब रेटिंग. पुढे जाण्यातलं नुकसान फक्त शक्यता असते. म्हणून पाय आपोआप पुढे पडतात.

हिमस्खलनाचे अभ्यासक इयान मॅकॅमन यांनी अमेरिकेतले ७१५ हिमस्खलन अपघात तपासले. त्यातले कित्येक बळी प्रशिक्षित होते आणि धोक्याची चिन्हं समोर दिसत होती. त्यांना चकवलं ते ओळखीच्या वाटेने, इतरांसमोर मान राखण्याच्या इच्छेने, "ठरलंय तर पूर्ण करू" या हट्टाने, पुढाऱ्यावरच्या आंधळ्या विश्वासाने, "आजच संधी आहे" या घाईने आणि शेजारी दुसरे गट जाताना दिसल्याने. सह्याद्रीत बर्फ नाही, पण यातली एकही गोष्ट आपल्याला परकी नाही. "बाकीचे ग्रुप ओढा ओलांडतायत की" हे वाक्य पावसाळ्यात अंधारबनात किंवा देवकुंडच्या वाटेवर कोणी ऐकलं नाही?

३० जून २०२४ चा रविवार आठवा. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातलं एक कुटुंब उभं होतं, पाणी वाढलं आणि पाच जण वाहून गेले. पाण्याची पातळी वर कुठे पाऊस पडतोय यावर ठरते, तुमच्या डोक्यावर पडतोय यावर नाही. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या आणि पानं वाहून यायला लागली, आवाजाचा सूर जड झाला, तर काही मिनिटंच हातात आहेत. फोटो थांबवा, काठ सोडा, वर चढा.

निर्णय ओढ्याकाठी घ्यायचाच नाही, तो शुक्रवारी घरी बसून घ्यायचा आणि लिहायचा. उदाहरणार्थ : दुपारी बारापर्यंत माथा आला नाही तर परत. ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडणं नाही. हवामान खात्याचा लाल इशारा असेल तर ट्रेक रद्द. हे बुकिंगच्या मेसेजमध्ये, परताव्याच्या अटीसकट, आधीच पाठवा. मग ओढ्यापाशी तुम्हाला चाळीस जणांना पटवून द्यावं लागत नाही, तुम्ही फक्त त्यांना पाठवलेला नियम वाचून दाखवता. आणि जिल्हाधिकाऱ्यांनी एखाद्या ठिकाणी बंदी घातली असेल तर हा प्रश्नच उरत नाही, तिथे जायचं नाही.

१२. फलक लावले, माइकवरून सांगितलं. तरी लोक ऐकत नाहीत. आमची जबाबदारी संपली ना?

नाही. फलक रोज दिसला की तो प्रश्न २ मधल्या करकर आवाजासारखा होतो. "धोका, सावधान" यापेक्षा "या दगडाच्या पुढे पाणी १५ फूट खोल आहे" हे वाचलं जातं. आणि फलकापेक्षा माणूस उभा असणं, त्याहीपेक्षा आत सोडण्याची मर्यादा ठरलेली असणं, हे उपयोगाचं.

१५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दी असताना कोसळला आणि चार जण गेले. तोही रविवारच होता. एकेका माणसाला तो पूल तसाच वाटत होता, जसा मंगळवारी रिकामा असताना वाटतो. गर्दीचा भार गर्दीतल्या माणसाला कळत नाही, तो लांबून बघणाऱ्यालाच कळतो. म्हणून पावसाळ्यातल्या रविवारची योजना वेगळी हवी : किती माणसं आत, कोण मोजणार, आणि आकडा गाठल्यावर दोर कोण ओढणार.

१३. मुलांच्या बाबतीत काटेकोर असणारे आमचेच माळी स्वतः गॉगल, बूट, हेल्मेट घालत नाहीत. काय करावं?

ब्रश कटरने गवत कापताना एक खडा डोळ्यात गेला तर डोळा जातो. हे त्यांना माहीत असतं. "पण मला सवय आहे" हेही तेवढंच मनापासून वाटतं. अपघात दुसऱ्याला होतात असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. भाषणाने यात फरक पडत नाही. गॉगल घातल्यावर घामाने धुकं धरतं का, बूट पायाला बसतात का, हे आधी विचारा, न घालण्याचं कारण निम्म्या वेळा तिथेच सापडतं. मुकादमाने स्वतः घातलं तर उरलेलं निम्मं.

साधन दिल्यावर माणूस जास्त बिनधास्त होतो का, असंही विचारतात. काही वेळा होतो, पण किती यावर अभ्यासकांत एकमत नाही. त्या शंकेपायी साधन नाकारणं मात्र चूक आहे. हार्नेस दिला म्हणून पावसात ओल्या झाडावर चढायचं नाही, एवढं स्पष्ट सांगा.

१४. थोडक्यात निभावलं असं काही घडलं तर ते लिहून ठेवावं का? लिहिलं की आपल्याच अंगाशी येतं.

ही भीती खरी आहे आणि ती घालवायची जबाबदारी वरच्यांची आहे. फांदी पडली पण बाक रिकामा होता, मूल बुडता बुडता हाताला लागलं, बोट हेलकावली पण उलटली नाही : हे प्रसंग लिहिले नाहीत तर प्रश्न ४ मधलं "काही झालं नाही" अजून घट्ट होतं. वहीत नाव नको. दिवस, वेळ, जागा, काय झालं, आणि त्यानंतर काय बदललं, एवढंच. शेवटचा रकाना महिनोन्महिने कोरा राहिला तर माणसं लिहिणं बंद करतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

१५. अपघात झाला तर कायद्याने कोण अडकतं? फॉर्मवर सही घेतली की सुटतो का?

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल माहीत असावेत. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळला, त्या प्रकरणात १९६६ मध्ये न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं, दोष वरून दिसत नव्हता ही सबब मानली नाही. राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड पडून एक जण गेला, त्यात १९९७ मध्ये महापालिकेला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलं नाही. दोन्ही प्रकरणांच्या तपशिलात फरक आहे, म्हणून "झाड पडलं तर आपण सुटतो" असा अर्थ काढू नका. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा आहे आणि तो व्यक्तीवर लागतो.

सहीचा फॉर्म धोका समजावून दिल्याचा कागद म्हणून कामाचा आहे, निष्काळजीपणा त्याने धुऊन निघत नाही. लहान मुलाच्या वतीने पालकांनी सही केली तरी नाही. साहसी उपक्रम चालवत असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी करून घ्या.

१६. बंद करायचा निर्णय कोणी घ्यायचा? साहेब फोन उचलत नाहीत.

जो जागेवर आहे त्याने. माझ्या मते या सगळ्या पानातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. झोपाळा बंद करणं, तलाव रिकामा करणं, ट्रेक फिरवणं, हा अधिकार सगळ्यात खालच्या माणसाला लेखी द्या. पुन्हा सुरू करायचा अधिकार मात्र वरच्याकडे ठेवा. आज बहुतेक ठिकाणी उलटं आहे : बंद करायला विचारावं लागतं आणि सुरू कोणीही करतो.

माळ्याने विनाकारण बंद केलं तर? अर्धा दिवस एक झोपाळा बंद राहिला, एवढंच नुकसान. त्याला त्याबद्दल एकदा जरी बोल लावला, तर पुढच्या वेळी तो खरोखरची मोडकी कडी बघूनही फोनची वाट बघत बसेल. चुकीच्या बंदबद्दल कोणालाही कधीच सुनवायचं नाही, हे आधी साहेबांनी मान्य करायला हवं. सहलीत सगळ्यात कनिष्ठ सहायकालाही "मला हे ठीक वाटत नाही" म्हणायची मुभा असावी, आणि तो म्हणाला की लीडरने थांबून कारण ऐकायचं.

१७. आम्ही तलाव बंद केला की मुलं कालव्यात किंवा खाणीत पोहायला जातात. मग बंद करून काय मिळवलं?

याचं सरसकट उत्तर नाही, पण प्रश्न टाळता येणार नाही. मे महिन्यात दुरुस्तीसाठी तलाव बंद झाला म्हणून पुण्यातल्या मुलांची पोहायची इच्छा बंद होत नाही. ती मुठा कालव्याकडे, खडकवासल्याच्या बॅकवॉटरकडे, वाघोलीकडच्या पाण्याने भरलेल्या खाणींकडे वळते. तिथे उतार अचानक आहे, तळाशी गाळ आहे आणि जीवरक्षक नाही. आपल्या वहीत तलावाचे अपघात शून्य दिसतात, कारण झालेले अपघात आपल्या हद्दीबाहेर असतात.

म्हणून बंद करताना एक प्रश्न जोडून विचारा : इथे येणारे उद्यापासून कुठे जातील? दुरुस्ती शाळांच्या सुट्टीत काढू नका, थंडीत काढा. बंद केलाच तर दारावर फक्त "बंद" लिहू नका. जवळचा कोणता तलाव किती वाजता चालू आहे, तिथला पास चालेल का, हे लिहा आणि तिथल्या लोकांना गर्दी वाढणार हे आधी कळवा. पाणी गढूळ आहे (प्रश्न ९) किंवा जीवरक्षक एकच आहे म्हणून बंद करावा लागला, तर तो बंदच ठेवायचा, त्यात तडजोड नाही. पण अशा वेळी उथळ बाजूचा वेगळा छोटा तलाव असेल तर तो चालू ठेवता येतो, तिथे एका बॅचमध्ये निम्मी मुलं घेता येतात.

बंद काळात नेहमी येणारी मुलं ओळखीची असतात. त्यांच्यातल्या मोठ्यांना नावानिशी सांगा की खाणीवर जाऊ नका, गुरुवारी तलाव उघडतोय. आणि गुरुवारी उघडतो म्हणालात तर गुरुवारीच उघडा.